रिफॉर्मर निवडताना : नव्या पिलाटेस स्टुडिओसाठी खरेदीची कृती

रिफॉर्मरवर आडवा झालेला माणूस आपले सगळे वजन एका सरकत्या फळीवर सोपवतो. पाय दोऱ्यांत अडकवलेले असतात, डोळे छताकडे असतात, खाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. स्प्रिंगचा हूक नीट बसला आहे, दोरी झिजलेली नाही, फूटबार घसरणार नाही, हे सगळे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीत खरे ठेवण्याची जबाबदारी स्टुडिओ चालवणाऱ्याची असते आणि ती खरेदीच्या दिवसापासूनच सुरू होते. म्हणून रिफॉर्मर निवडताना मी दोन गोष्टींना बाकी सगळ्यांच्या वर ठेवते : यंत्र येणाऱ्या माणसाच्या अंगाला बसते का, आणि बिघडले तर इथे, लवकर दुरुस्त होते का. रंग, चकाकी आणि सवलत यांचा विचार त्यानंतर.

पुणे, ठाणे, नाशिक, पणजी अशा शहरांत चार ते सहा रिफॉर्मरचा पहिला स्टुडिओ काढू पाहणारे प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी ही कृती आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ जण आधी प्रदर्शनात यंत्र पसंत करतात, मग ते मावेल अशी जागा शोधतात आणि शेवटी त्यावर काय शिकवायचे ते ठरवतात. इथे क्रम उलटा आहे : शिकवणे, माणसे, जागा, यंत्र, पैसे.

थोडी पार्श्वभूमी खरेदीच्याच कामाची आहे. जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) मूळ जर्मनीचे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनमध्ये नजरकैदेत होते आणि १९२६च्या सुमारास न्यूयॉर्कला गेले. पत्नी क्लारासोबत त्यांनी तिथे एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर स्टुडिओ चालवला. रिफॉर्मर ही त्यांचीच कल्पना. पुढे ‘पिलाटेस’ या नावाच्या मालकीवरून खटला झाला आणि २००० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने हे नाव व्यायामपद्धतीचे सर्वसाधारण नाव असल्याचा निकाल दिला. तेव्हापासून कोणताही उत्पादक आपल्या यंत्रावर हे नाव लिहू शकतो. यंत्रावर ‘पिलाटेस रिफॉर्मर’ लिहिलेले असले म्हणून त्याच्या दर्जाची काहीच हमी मिळत नाही. ती तपासूनच घ्यावी लागते.

हाताशी काय हवे

मोजपट्टी, पाणसळ, रंगीत चिकटपट्टी, जागेचा मापांसह नकाशा, एक पातळ सुती फडके, मोबाइल आणि एक जाड वही. यंत्र पाहायला जाताना सोबत दोन माणसे : एक पाच फुटांच्या आसपासची, दुसरी सहा फुटांच्या आसपासची आणि अंगाने भरलेली. स्वतः एकट्याने झोपून पाहिले, तर यंत्र फक्त तुमच्या मापाला बसते की नाही एवढेच कळते.

पायरी १ : काय शिकवणार ते एका पानावर लिहा

तुमचे प्रशिक्षण कोणत्या परंपरेत झाले आहे, यावर यंत्राची घडण ठरते. क्लासिकल परंपरेतल्या यंत्रांत जुन्या मापांचा आग्रह असतो. मूळच्या न्यूयॉर्कच्या ग्रॅट्झ कंपनीने बनवलेल्या रिफॉर्मरमध्ये सारख्या ताकदीच्या चार स्प्रिंगा आणि चामड्याचे पट्टे असतात. तिथे स्प्रिंगचा ताण जास्त असतो आणि कॅरेज, म्हणजे सरकती फळी, जड वाटते. कॅलिफोर्नियातली बॅलन्स्ड बॉडी (स्थापना १९७६) किंवा टोरांटोची मेरिथ्यू, म्हणजे स्टॉट पिलाटेसवाले, यांच्या यंत्रांत वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा, लांबी बदलता येणाऱ्या दोऱ्या आणि सहज सरकणारे भाग असतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. पण एका पद्धतीत शिकून दुसऱ्या पद्धतीचे यंत्र घेतले, तर अंगवळणी पडलेल्या सगळ्या सूचना आणि स्प्रिंगांचे हिशेब नव्याने बसवावे लागतात.

त्याच पानावर तीन उत्तरे लिहा. वर्ग गटाने घेणार की एकेकट्याचे? पाठ, गुडघे, खांदे यांच्या दुखण्यानंतर सावरणारी माणसे येणार का? वर्गात उड्या आणि वेगवान हालचाली असणार का? गटाचे वर्ग असतील, तर भराभर बदलता येणाऱ्या मांडणीला महत्त्व. दुखण्यातून उठलेल्यांसाठी हलक्या स्प्रिंगा आणि उंच बैठक. उड्यांसाठी जंपबोर्ड आणि आवाज न करणारी चौकट. हे पान सगळ्या खरेदीत सोबत ठेवा. विक्रेता एखादी नवी सोय दाखवू लागला की या पानावर बघा. तिथे तिची गरज लिहिलेली नसेल, तर तिचे पैसे देऊ नका.

पायरी २ : येणाऱ्या माणसांची मापे धरा

परदेशी यंत्रे उंच माणसांच्या सोयीने बनतात असा समज आहे. चांगल्या यंत्रात दोन्ही टोके सांभाळलेली असतात, फक्त ती तपासावी लागतात. तुमच्याकडे पाच फूट उंचीच्या बायका मोठ्या संख्येने येणार असतील, तर तीन गोष्टी पाहा. गिअरबारची जागा बदलून कॅरेजची सुरुवातीची जागा फूटबारच्या जवळ आणता येते का? खांद्यांच्या टेकूंमधले अंतर कमी करता येते का? फूटबारला तीन-चार तरी वेगवेगळ्या जागा आहेत का? उंच माणसासाठी उलट तपासणी : पाय पूर्ण सरळ केल्यावर कॅरेज रुळाच्या दुसऱ्या टोकाला आपटत तर नाही ना?

वयाचाही विचार हवा. मूळ लाकडी रिफॉर्मर जमिनीपासून साधारण सव्वा फुटावर असतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्यावर बसणे जमले, तरी उठणे अवघड जाते. पाय जोडून यंत्र दीड-दोन फुटांपर्यंत उंच केले की पलंगावर बसल्यासारखे सहज बसता येते. मात्र उंच यंत्रावर उभे राहून केलेला व्यायाम नवख्याला भीतिदायक वाटतो. ज्येष्ठ नागरिक जास्त असतील तर उंच पाय घ्या. तरुणांचे उभ्याने करायचे वर्ग जास्त असतील तर कमी उंची बरी. दोन्ही हवे असेल, तर ज्याचे पाय काढता-घालता येतात असे मॉडेल शोधा.

पायरी ३ : जागेवर चिकटपट्टीने रिफॉर्मर आखा

बहुतेक पूर्ण आकाराचे रिफॉर्मर साधारण ८ फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद असतात. जागा मात्र यापेक्षा बरीच जास्त लागते. डोक्याकडे ३ फूट मोकळे हवेत, कारण हात आणि दोऱ्या त्या बाजूला जातात आणि बॉक्सवर पालथे झोपणारा माणूस चौकटीच्या बाहेर येतो. फूटबारकडे २ फूट हवेत. दोन यंत्रांमध्ये ३ फूट ठेवा. एका कुशीवर होऊन पाय बाजूला फिरवणाऱ्याचा पाय शेजारणीला लागू नये आणि शिकवणाऱ्याला मधून वाकून स्प्रिंग बदलता यावी, यासाठी हे अंतर लागते.

चार यंत्रे शेजारी शेजारी लावायची तर हिशेब असा : चार यंत्रांची रुंदी ९ फूट, मधल्या तीन फटी ९ फूट, दोन्ही भिंतींकडे दोन-दोन फूट, म्हणजे एकूण २२ फूट. लांबीच्या दिशेला ८ अधिक ३ अधिक २, म्हणजे १३ फूट. चार यंत्रांना २८६ चौरस फूट लागले. शिकवणाऱ्याची वाट, बॉक्स-जंपबोर्डची मांडणी, कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह यात धरलेले नाही. भाडेकरारात ‘सुपर बिल्ट-अप’चा आकडा असेल, तर कार्पेट क्षेत्र स्वतः मोजा आणि जमिनीवर चिकटपट्टीने यंत्रे आखून त्यांच्यामधून चालून पाहा. खांब, दारांचे उघडणे, खिडकीतला एसी हे सगळे कागदापेक्षा असे लवकर कळते.

आता वर बघा. साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस हात वर केले की सव्वासात फुटांपर्यंत पोहोचतो. दीड फूट उंच कॅरेजवर तो उभा राहिला, तर बोटे पावणेनऊ फुटांवर जातात. दहा फूट उंचीच्या खोलीत छताच्या पंख्याची पाती साधारण तिथेच फिरत असतात. यंत्राच्या वरचे पंखे काढून भिंतीवरचे पंखे किंवा एसी लावा. हा खर्च यंत्राच्या अंदाजपत्रकातच धरा.

शेवटी वाट तपासा. बहुतेक स्टुडिओ रिफॉर्मरचे वजन ५० ते ९० किलोंच्या दरम्यान असते. स्लॅबला त्याचा त्रास होत नाही. अडचण येते ती लांबीची. आठ फुटांचा खोका सोसायटीच्या साध्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जुन्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर अडकतो. विक्रेत्याकडून खोक्याची लांबी-रुंदी-उंची लेखी मागवा, चौकट सुटी होऊन येते का ते विचारा आणि ही मापे घेऊन दारापासून खोलीपर्यंतचा प्रत्येक कोपरा मोजा. खाली राहती घरे असतील, तर जंपबोर्डचा धप्प आवाज आणि कॅरेजची घरघर खाली पोहोचणार. जाड रबरी मॅटचा खर्च धरा आणि सोसायटीशी आधीच बोलून घ्या.

पायरी ४ : चौकट निवडा

चौकटीचे तीन मुख्य पर्याय आहेत.

लाकूड : चांगल्या परदेशी यंत्रांत मेपलसारखे कठीण लाकूड असते. वजनदार, शांत, दिसायला सुंदर. आपल्याकडे मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तळमजल्यावर वाळवीची धास्ती असते. स्थानिक कारागिराकडून लाकडी यंत्र करून घेणार असाल, तर लाकूड पुरेसे वाळवलेले आहे का, आतून प्लायवूड आहे की भरीव लाकूड, आणि जोड फक्त स्क्रूवर आहेत की पक्के बोल्ट आहेत, हे विचारा.

अ‍ॅल्युमिनियम : गंजत नाही, वजनाला हलके, वर्षानुवर्षे माप बदलत नाही. काही मॉडेल एकावर एक रचता येतात किंवा उभी ठेवता येतात. जागा इतर वर्गांसाठीही वापरायची असेल तर हे सोयीचे. दमट किनारी शहरांत पहिल्या स्टुडिओसाठी माझी पसंती याला आहे.

लोखंडी किंवा पोलादी : स्वस्त आणि दणकट वाटते. वरचा रंग जिथे उडतो आणि जिथे वेल्डिंग आहे, तिथे गंज धरतो. घ्यायचेच असेल तर वेल्डिंगचा प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहा.

चौकट कोणतीही असो, रूळ मात्र नेमके हवेत. दोन्ही रूळ एकमेकांना तंतोतंत समांतर नसतील, तर कॅरेज एका जागी अडते आणि दुसऱ्या जागी डुलते. हा दोष नंतर दुरुस्त करता येत नाही.

पायरी ५ : स्प्रिंगांची चौकशी सर्वात जास्त करा

रिफॉर्मरमध्ये वजनाच्या तबकड्या नसतात. सगळा विरोध स्प्रिंग देते, म्हणून यंत्राची खरी किंमत स्प्रिंगमध्ये आहे. चार किंवा पाच स्प्रिंगा, त्यांत एक तरी अगदी हलकी, एक मध्यम आणि बाकी जड, अशी रचना गटवर्गाला आणि दुखण्यातून उठलेल्यांना, दोघांना चालते.

रंगांबाबत सावध राहा. लाल, निळा, पिवळा हे रंग सगळ्या कंपन्यांत सारखी ताकद दाखवत नाहीत. एका उत्पादकाची लाल स्प्रिंग मध्यम, तर दुसऱ्याची पूर्ण जड असू शकते. वर्गात तुम्ही ‘दोन लाल, एक निळी’ म्हणालात आणि चार यंत्रे दोन कंपन्यांची असतील, तर एकाच सूचनेवर दोघींना वेगळा भार मिळेल. एका वर्गखोलीत एकाच कंपनीची, शक्यतो एकाच मॉडेलची यंत्रे ठेवा. नंतर दोन यंत्रे वाढवायची असतील तर तेच मॉडेल मिळेल का, हे आजच विचारून ठेवा.

स्प्रिंग ही झिजणारी वस्तू आहे. अनेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी सगळ्या स्प्रिंगा बदलायला सांगतात. वापर जास्त असेल तर त्याआधीच. तार थकली की ती आधी सूचना देतेच असे नाही आणि ताणलेली स्प्रिंग तुटली तर इजा होते. म्हणून विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारा : एका संचाची किंमत किती? भारतात साठा आहे का? मागणी केल्यापासून किती दिवसांत मिळतो? तारेला गंज न धरणारा मुलामा आहे का? उत्तरे ‘बघू’, ‘मिळून जाईल’ अशी असतील, तर ते यंत्र यादीतून काढा. यंत्र घेतानाच स्प्रिंगांचा एक जादा संच आणि दोऱ्यांचा एक जोड विकत घ्या. परदेशातून भाग यायला आठवडे लागतात आणि तितके दिवस यंत्र झाकून ठेवणे परवडत नाही.

पायरी ६ : यंत्रावर झोपून, उभे राहून परीक्षा घ्या

फोटो आणि चित्रफीत पाहून यादी करा, निवड मात्र यंत्राला हात लावल्याशिवाय करू नका. आसपास तेच मॉडेल वापरणारा स्टुडिओ असेल, तर तिथे पैसे देऊन एक वर्ग घ्या आणि मालकांना देखभालीबद्दल विचारा. दोन-तीन वर्षे वापरलेले यंत्र नव्यापेक्षा जास्त सांगते. मग पुढच्या परीक्षा याच क्रमाने घ्या.

१. सगळ्या स्प्रिंगा काढा. आता कॅरेजवर कोणीही चढायचे नाही. दोन बोटांनी कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकला. ती न अडता, न खडखडता जायला हवी. कॅरेजचे समोरासमोरचे दोन कोपरे दाबून पाहा. डुलत असेल तर बाजूची चाके सैल आहेत किंवा रूळ वाकडे आहेत.

२. फक्त सर्वात हलकी स्प्रिंग लावा. झोपून पाय हळू सरळ करा आणि हळूच परत या. कॅरेज अगदी शेवटपर्यंत गुपचूप परतली पाहिजे. शेवटचे चार बोटे अंतर अडखळत असेल, तर चाकांचे घर्षण हलकी स्प्रिंग खाऊन टाकते आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला नेमक्या त्याच हलक्या भाराची गरज असते.

३. ठेंगण्या आणि उंच सोबत्यांना आळीपाळीने झोपवा. पायरी २मधली मापे तपासा. एकाचे यंत्र दुसऱ्यासाठी लावायला किती वेळ लागतो ते पाहा : हेडरेस्ट, खांद्याचे टेकू, गिअरबार, दोऱ्या, फूटबार. सगळे मिळून एका मिनिटात झाले पाहिजे. पाठोपाठच्या वर्गांत यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

४. फूटबारच्या प्रत्येक जागी दोन्ही हातांनी पूर्ण भार द्या. खिट्टी बसल्याचा स्पष्ट आवाज यायला हवा आणि नंतर हालचाल नको.

५. पाय दोऱ्यांत घालून मोठी वर्तुळे काढा. दोन्ही दोऱ्यांची लांबी सारखी हवी. पुली कुरकुरत असेल तर तिचे बेअरिंग विचारा. दोरीची लांबी बदलण्याची सोय झोपलेल्या माणसाला स्वतः वापरता येते का, तेही पाहा.

६. जड स्प्रिंगा लावून भारी सोबत्याला एक पाय स्थिर फळीवर आणि एक कॅरेजवर ठेवून उभे करा, तुम्ही आधाराला शेजारी थांबा. चौकट हलता कामा नये. यंत्राची कमाल भारमर्यादा किती, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासने धरू नका.

७. वाकून एका हाताने सगळ्या स्प्रिंगा काढा आणि लावा. वर्गात हे काम तुम्ही दिवसभर करणार आहात. हूक अडकत असेल, बोट चिमटत असेल, तर त्याचा त्रास रोज होईल.

८. शेवटी रेक्झिनवर घामाच्या हाताचा तळवा दाबून सरकवा आणि शिवण पाहा. खाली दबणारा, परत न फुगणारा फोम नको आणि पातळ रेक्झिनही नको, ते दमट हवेत लवकर सोलवटते.

प्रत्येक परीक्षेचे उत्तर वहीत लिहा. तीन यंत्रे पाहून झाल्यावर कोणते डावीकडे अडखळत होते ते आठवत नाही.

पायरी ७ : जोडसाहित्य बेताने घ्या

पहिल्या दिवसापासून लागते ते असे : प्रत्येक यंत्रामागे एक बॉक्स, पायांसाठी मऊ लूप, हातांसाठी पट्टे आणि न घसरणारी पातळ मॅट. बॉक्स यंत्राच्या मापाचा आणि त्याच कंपनीचा घ्या. दुसऱ्या मापाचा बॉक्स खांद्यांच्या टेकूंमध्ये नीट बसत नाही आणि सरकतो. जंपबोर्ड पायरी १च्या पानावर असेल तरच घ्या. टॉवर, म्हणजे यंत्राला जोडलेली उभी चौकट, एकेकट्याच्या वर्गात फार उपयोगी पडतो, पण त्याच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात आणि त्याला वरही मोकळी जागा लागते. चारपैकी एका यंत्राला टॉवर पुरतो. बाकीच्यांना तो नंतर जोडता येईल का, एवढे विचारून ठेवा.

पायरी ८ : एका वर्गामागचा खर्च काढा

परदेशातून थेट आणणार असाल, तर जाहिरातीतला आकडा ही फक्त सुरुवात आहे. त्यात समुद्रवाहतूक आणि विमा मिळवा. त्या बेरजेवर मूळ सीमाशुल्क, त्यावर सामाजिक कल्याण अधिभार आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी लागतो. मग न्हावा-शेवा बंदरातला क्लिअरिंग एजंटचा खर्च, गोदामभाडे, ट्रक, हमाली आणि जोडणी. व्यवसायासाठी आयात करायला आयईसी क्रमांक लागतो. त्या दिवशीचे दर क्लिअरिंग एजंटकडून आणि कर परत मिळतो की नाही ते आपल्या सीएकडून लेखी घ्या. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याने रुपयांत दिलेली किंमत वरवर जास्त दिसते, पण त्यात हे सगळे धरलेले असते. तुलना नेहमी खोलीत उभ्या राहिलेल्या यंत्राच्या किमतीशी करा.

आता एका वर्गामागे एका यंत्राचा खर्च काढा. पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी आहेत, तुमचे आकडे त्या जागी घाला. समजा यंत्र ‘अ’ ३,००,००० रुपयांना पडते, आठ वर्षे टिकते आणि त्याच्या देखभालीला वर्षाला १५,००० लागतात. वर्षाचा खर्च ३७,५०० अधिक १५,०००, म्हणजे ५२,५०० रुपये. रोज तीन वर्ग आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ९०० वर्ग होतात. एका वर्गामागे सुमारे ५८ रुपये. यंत्र ‘ब’ १,४०,०००ला मिळते, पण तीनच वर्षे टिकते आणि देखभालीला २०,००० लागतात. वर्षाचा खर्च सुमारे ६६,७०० आणि वर्गामागे ७४ रुपये. हेच ‘ब’ यंत्र पाच वर्षे टिकले, तर खर्च ५३ रुपयांवर येतो आणि ते ‘अ’पेक्षा स्वस्त ठरते. म्हणजे निर्णय किमतीवर कमी आणि यंत्र किती वर्षे चालेल यावर जास्त अवलंबून आहे. किती वर्षे चालेल, हे सुटे भाग मिळतात की नाही यावर ठरते.

जुने यंत्र घेणेही शहाणपणाचे ठरू शकते. त्यावरचा अनुक्रमांक घेऊन उत्पादकाला विचारा की या मॉडेलचे भाग अजून बनतात का. सगळ्या स्प्रिंगा, दोऱ्या आणि चाके नवी घालण्याचा खर्च किमतीत मिळवा. जुन्या स्प्रिंगांवर एकही वर्ग घेऊ नका, त्या कितीही चांगल्या दिसोत.

पायरी ९ : कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचे

दोन तरी विक्रेत्यांकडून कोटेशन मागवा आणि त्यात हे मुद्दे असल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका :

- मॉडेलचे पूर्ण नाव, रंग, पायांची उंची, स्प्रिंगांची संख्या आणि प्रत्येकीची ताकद.
- वाहतूक, विमा, वर चढवणे, जोडणी आणि कर धरून एकूण रक्कम.
- यंत्र व्यावसायिक वापरासाठी आहे हे स्पष्ट शब्दांत. घरगुती वापराचे मॉडेल स्टुडिओत लावले तर बहुतेक वेळा वॉरंटी लागू होत नाही.
- चौकट, चाके, स्प्रिंगा, दोऱ्या आणि रेक्झिन यांची वॉरंटी वेगवेगळी, प्रत्येकीची मुदत लिहून.
- सुट्या भागांची दरयादी आणि ते पोहोचवण्याची मुदत.
- वाटेत तुटफूट झाली तर जबाबदारी कोणाची आणि बदली यंत्र किती दिवसांत.
- रकमेचे टप्पे. शेवटचा हप्ता जोडणी होऊन तपासणी झाल्यावरच.

स्टुडिओचे उद्घाटन पोहोचण्याच्या कबूल तारखेला चिकटवू नका. मध्ये महिनाभर तरी मोकळा ठेवा, विशेषतः माल समुद्रमार्गे येणार असेल तर.

पायरी १० : उभारणीचा दिवस

खोके उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा आणि उघडतानाचे चित्रण करा. कोपरे चेपलेले असतील तर वाहतूकदाराच्या पावतीवर तसे लिहूनच सही करा. चौकट उभी राहिली की रुळांवर पाणसळ ठेवा, आधी लांबीत, मग आडवी. यंत्र एका बाजूला झुकले, तर कॅरेज आपोआप सरकते आणि चाके एका बाजूने झिजतात. आपल्याकडे फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार असतो, तो पायाखालच्या स्क्रूने किंवा रबरी तुकड्याने भरून काढा. दोन्ही दोऱ्या ओढून लांबी सारखी करा. प्रत्येक बोल्ट घट्ट आहे का ते स्वतः किल्लीने तपासा. मग पायरी ६मधल्या आठही परीक्षा प्रत्येक यंत्रावर पुन्हा घ्या. दुकानातले नमुना यंत्र चांगले होते, म्हणून तुमचे चौथे यंत्रही तसेच असेल असे नाही. पहिले काही दिवस फक्त प्रशिक्षकांनी यंत्रे वापरावीत आणि त्यानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत.

पायरी ११ : देखभालीची वही पहिल्याच दिवशी उघडा

प्रत्येक यंत्राला क्रमांक द्या आणि वहीत त्याचे वेगळे पान करा. स्प्रिंगा आणि दोऱ्या बसवल्याची तारीख सर्वात वर लिहा.

रोज : प्रत्येक वर्गानंतर रेक्झिन सौम्य साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा. तीव्र रसायनांनी ते कडक होऊन तडकते. दिवस संपताना एक तरी स्प्रिंग लावून कॅरेज बंद ठेवा, म्हणजे अंधारात कोणी टेकले तरी ती निसटणार नाही.

दर आठवड्याला : रूळ आणि चाके कोरड्या फडक्याने पुसा. केस आणि धूळ चाकांत अडकतात. खोबरेल तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून चिकट थर होतो. वंगण हवेच असेल तर उत्पादकाने पुस्तिकेत सांगितलेलेच वापरा. सुती फडके प्रत्येक स्प्रिंगवरून फिरवा. धागा अडकला तर तिथे तारेला ओरखडा किंवा गंज आहे. ताण नसताना स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये फट दिसली किंवा वेढा वाकलेला असला, तर ती त्याच दिवशी काढून टाका.

दर महिन्याला : दोऱ्या पुलीतून जातात त्या जागी तंतू निघाले आहेत का, हूक आणि खिट्ट्या झिजल्या आहेत का, बोल्ट सैल आहेत का, हे पाहा. जून ते सप्टेंबर हीच तपासणी पंधरा दिवसांनी करा आणि खोली कोरडी ठेवा. स्प्रिंगा बदलताना यंत्राचा सगळा संच एकदम बदला, म्हणजे डावी-उजवी ताकद सारखी राहते.

ही वही शिकवणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावी अशी समोर ठेवा आणि शंका आलेले यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार सर्वात नव्या प्रशिक्षकालाही द्या. त्याच्यावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावली, तर एका वर्गाचे पैसे जातात. पाटी लावायला कोणी कचरले, तर माणूस जखमी होऊ शकतो.

सगळ्या पायऱ्या करूनही दोन यंत्रे बरोबरीत उरली, तर ज्याच्या स्प्रिंगा तुमच्या शहरात लवकर पोहोचतात ते घ्या. दोन्हींच्या पोहोचत असतील, तर ज्यावर तुमची ठेंगणी आणि उंच अशी दोन्ही माणसे निर्धास्त झोपली, ते घ्या. आणि सहा यंत्रांचे पैसे साधारण दर्जावर घालवण्यापेक्षा चार चांगली घ्या, दोन यंत्रांची जागा रिकामी ठेवा. वर्ग भरू लागले की तेच मॉडेल पुन्हा मागवता येईल, आणि तोपर्यंतच्या वहीवरून ते मागवावे की नाही हेही तुम्हाला कळलेले असेल.